मध्यम सत्त्वाचा रुग्ण

चिकित्सेचे चार पाद कोणते, हे या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी या चौघांपैकी पहिल्या दोघांविषयी आपण विपुल लिहितो आणि बोलतो. वैद्याचे निदानकौशल्य आणि द्रव्याची शुद्धाशुद्धता या विषयांवर आपल्या परिषदांतून सत्रेच्या सत्रे होतात. चौथा पाद जो रोगी, त्याच्याकडे मात्र व्याधीचे अधिष्ठान एवढ्याच दृष्टीने पाहण्याची सवय आपणांस जडली आहे. वास्तविक चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात रोग्याचेही चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी ते परीक्षेपुरते पाठ केले. आमच्या एका वैद्यमित्रांवर कोसळलेल्या प्रसंगाने आम्हांस या चार शब्दांकडे पुन्हा वळावे लागले, त्याची ही हकीकत आहे. मित्रांच्या संमतीने ती येथे देत आहोत. नाव घालू नये, एवढीच त्यांची अट.

मित्र सातारा जिल्ह्यातील एका मोठ्या गावात सुमारे तीस वर्षे व्यवसाय करीत आहेत. चिकित्सालयास लागूनच त्यांचे औषधांचे लहानसे दुकान आहे. पुण्यात आम्ही एकाच वर्गात होतो. डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, शेजारच्या गावातील रुग्ण पाहून ते रात्री दुचाकीवरून परतत होते. गळीत हंगाम सुरू होता. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर बंद पडून उभा होता. मागे दिवा नव्हता, तांबडी पट्टी नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातील आमच्या वाचकांस या वर्णनात नवे काही वाटणार नाही. दर हिवाळ्यात हे घडते आणि दर उन्हाळ्यात ते विसरले जाते. मित्र मागून थेट ट्रॉलीवर आदळले. डावे मनगट मोडले. उजव्या पायाच्या नळीचे हाड घोट्याच्या वर तुटून त्वचेबाहेर आले आणि रस्त्याकडेच्या मातीत रुतले.

प्रथमोपचार साताऱ्यात होऊन त्यांना पुण्यातील एका रुग्णालयात हलविण्यात आले. जखम वारंवार धुवावी लागली. बाहेरून सळया बसवून हाड तात्पुरते स्थिर केले गेले, उघड्या पडलेल्या भागावर मांस व त्वचा आणून बसविली गेली. तरीही हाडाचा सुमारे चार सेंटिमीटरचा भाग निर्जीव झाला आणि तो काढून टाकावा लागला. भग्न पाकास जाणार नाही याविषयी वैद्याने प्रयत्नशील असावे, कारण मांस, सिरा आणि स्नायू पाकाला गेले की ते कष्टानेच साध्य होते, असे सुश्रुताचार्य चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात बजावतात. भग्न सांधण्याचा काळ त्यांनी वयपरत्वे एक, दोन व तीन महिने असा सांगितला आहे. मित्रांनी पहिल्या आठवड्यात बोटांवर तीन महिने मोजले होते. तो हिशेब साध्या, अपक्व भग्नाचा होता, हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा जानेवारी उजाडला होता.

त्या जानेवारीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. अशा लेखांतून रुग्णाच्या वज्रासारख्या निर्धाराचे वर्णन करण्याची प्रथा आहे. आम्ही पाहिलेले चित्र तसे नव्हते. मित्र चिडत होते, परिचारिकांवर ओरडत होते, भिंतीकडे तोंड करून तास न् तास पडून राहत होते. एके दुपारी आम्ही भेटावयास गेलो असता त्यांनी आमचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "अरे, यांना सांग, गुडघ्याखाली कापून टाका आणि मला घरी जाऊ द्या." वहिनी दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही पुष्कळ वेळ काहीही बोललो नाही, आणि बोलण्यासारखे तेव्हा काही नव्हतेही.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सत्त्वपरीक्षा आली आहे. प्रवर सत्त्वाचा मनुष्य मोठ्या पीडेतही अव्यथ दिसतो. अवर सत्त्वाचा स्वतः सावरत नाही आणि दुसऱ्यांनीही सावरत नाही. या दोहोंमधला मध्यम सत्त्वाचा मनुष्य दुसऱ्याकडे पाहून आपल्या मनाचे स्तंभन करतो, किंवा दुसरे त्याला आधार देऊन उभे करतात. प्रवर सत्त्वाचे आपण गोडवे गातो, परंतु आपल्या ओटीवर येणारे बहुसंख्य रुग्ण मध्यम सत्त्वाचे असतात, आणि वैद्याला व परिचारकाला खरोखर काही करता येण्याजोगे असते ते याच ठिकाणी. आमचे मित्र मध्यम सत्त्वाचे होते. असे लिहिण्यात त्यांचा अधिक्षेप होत नाही. हे निदान त्यांचे स्वतःचेच आहे.

'दुसऱ्याकडे पाहून' हा भाग तर शब्दशः घडला. शेजारच्या खाटेवर बीडकडचा एक ऊसतोड मजूर होता. ट्रॉलीखाली पाय सापडून त्याच्या नळीचाही चुरा झाला होता आणि चार महिन्यांपासून त्याच्या पायाभोवती लोखंडी कडी होती. तो रोज ठरलेल्या वेळी उशाखालून लहानसा पाना काढी, कड्यांवरील नट पाव फेरा फिरवी, पाना पुसून परत ठेवी आणि बिडी ओढावयास मिळत नाही म्हणून कुरकुर करी. मित्रांनी दोन-तीन दिवस हे नुसते पाहिले. चौथ्या दिवशी त्यांनी त्याला विचारले, "दुखतं का रे?" तो म्हणाला, "दुखतं की. पर पाना आपल्याच हातात हाय न्हवं." पाय कापण्याचा विषय त्यानंतर मित्रांनी काढला नाही.

ती कडी म्हणजे इलिझारोव्ह पद्धती. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी रुग्णांच्या पायांवर ती पाहिली असतील, तरी तिची रीत थोडक्यात सांगतो. सायबेरियातील कुर्गान येथील शल्यविशारद गाव्रिइल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात ती विकसित केली. हाडातून आरपार नेलेल्या बारीक तारा ताणून बाहेरच्या कड्यांना जखडतात. हाड निरोगी जागी हलकेच छेदतात, काही दिवस थांबतात, आणि मग छेदलेला तुकडा दिवसाला एक मिलिमीटर या गतीने रिकाम्या जागेकडे सरकवतात. तो एक मिलिमीटरही एकदम नाही, तर पाव-पाव मिलिमीटर असा चार वेळा. मागे पडणाऱ्या पोकळीत शरीर नवे अस्थी निर्माण करते. गती वाढविली तर हाड तयार होत नाही, फार कमी केली तर छेद अकाली जुळून येतो. शल्यविशारदांनी मित्रांना रशियन उंच उडीपटू व्हालेरी ब्रुमेल यांचे उदाहरण सांगितले. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या ब्रुमेल यांचा पाय पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात चिरडला; अनेक शस्त्रक्रिया फसल्यानंतर ते इलिझारोव्ह यांच्याकडे पोहोचले आणि पुन्हा उड्यांच्या सरावास लागले. पूर्वीची २.२८ मीटरची उंची मात्र त्यांना परत गाठता आली नाही. हे शेवटचे वाक्य शल्यविशारदांनी गाळले नाही, याबद्दल मित्रांना त्यांच्याविषयी आदर वाटला.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कडी बसली. चार सेंटिमीटर म्हणजे चाळीस दिवस, आणि दिवसाला चार म्हणजे एकशे साठ पाव फेरे. सकाळी सहा, दुपारी बारा, सायंकाळी सहा आणि मध्यरात्री बारा. मित्रांनी शाळेची दोनशे पानी वही आणविली व प्रत्येक फेऱ्यास एक खूण, तारीख, वेळ, पीडेचे स्वरूप, ज्वर, निद्रा, मलप्रवृत्ती असे रकाने आखले. ही वही आम्ही पाहिली आहे. एकशे साठांपैकी एकही खूण सुटलेली नाही. पहिल्या पंधरवड्यातील अक्षर वेडेवाकडे आहे, कित्येक ठिकाणी रागाने ओढलेल्या रेघा आहेत, एका पानावर नुसते 'नको' असे लिहिले आहे, आणि त्याच पानावर रात्री बाराची खूण आहे. चरकाचार्यांनी रोग्याच्या गुणांत स्मृतीस प्रथम स्थान का दिले असावे, हे आम्हांस त्या वहीने कळले. काय घडले, केव्हा घडले आणि काय करावयास सांगितले होते, हे ज्याच्या स्मरणात राहते तोच वैद्यास साहाय्य करू शकतो.

ज्ञापकत्वाचा प्रसंग मार्चमध्ये आला. एका तारेच्या मुळाशी रात्री लाली आली, दाह सुरू झाला, पहाटे कणकण जाणवली. मित्र तेव्हा घरी होते. हाताशी स्वतःचे औषधालय. कोणता लेप लावावा, कोणत्या काढ्याने धुवावे, हे सारे त्यांना पाठ होते. "अरे, तीस वर्षांचा वैद्य रात्रभर माझ्याशी भांडत होता," असे त्यांनी आम्हांस नंतर सांगितले. उजाडताच त्यांनी शल्यविशारदांस दूरध्वनी करून लक्षणे क्रमाने सांगितली. ती तार काढण्यात आली, प्रतिजैविके बदलली गेली, संसर्ग हाडापर्यंत गेला नाही. स्वतः वैद्य असलेले रुग्ण निर्देशकारी नसतात, अशी आपल्या व्यवसायाची ख्याती आहे आणि ती निराधार नाही. दुसऱ्या पद्धतीच्या वैद्याच्या हाती आपला देह सोपवून, त्याच्या सूचनेत आपली विद्या मध्ये न आणणे, यास जो धीर लागतो तो वेदना सोसण्याच्या धीराहून वेगळा आहे. आम्ही तर तो अधिक दुर्मीळ मानतो.

याचा अर्थ मित्रांनी आपले शास्त्र खुंटीला टांगले, असा नव्हे. एका नातलगाने मोठ्या आस्थेने एका प्रसिद्ध हाडवैद्यास घरी आणले होते. मित्रांनी त्यांचा सत्कार केला, चहा पाजला, त्यांच्या वडिलांची विचारपूस केली आणि पायास हात लावू न देता निरोप दिला. लाक्षादि गुग्गुळ घेण्याची त्यांची इच्छा प्रारंभापासून होती. परंतु रक्त पातळ राखण्याची इंजेक्शने चालू असता तो मध्ये नको, म्हणून त्यांनी शल्यविशारदांस विचारले व त्यांनी होकार देईपर्यंत प्रतीक्षा केली. आहारात मात्र त्यांनी सुश्रुताचार्यांस प्रमाण मानले. दूध, तूप आणि वाटाण्याचे कढण (मूळात सतीनाचे यूष) नित्य असे. अम्ल, क्षार व कटू पदार्थ त्यांनी वर्ज्य केले. वहिनींची अळिवाची खीर ही आपल्या घरोघरची परंपरा तर होतीच. शल्यविशारदांच्या आहारतज्ज्ञांना प्रथिने हवी होती. त्यांना या यादीत फारसे बदलावे लागले नाही.

मनगटाचे प्लास्टर निघाले तेव्हा बोटे आखडली होती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी रबरी चेंडू दिला. मित्रांना हस्ततलाच्या भग्नाविषयी सुश्रुताचार्यांनी सांगितलेला क्रम आठवला : प्रथम मातीचा गोळा धरावा, नंतर मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर पाषाण. शाडूचा गोळा आला. दाबला की तो दबतो आणि बोटांचे ठसे राखतो, त्यामुळे कालच्यापेक्षा आज पकड किती खोल गेली हे डोळ्यांना दिसते. रबर लगेच मूळ आकारास येते. हा फरक मित्रांनी बाईंना दाखविला, तेव्हा त्यांनी कौतुकाने मान हलविली आणि चेंडूही चालूच ठेवा म्हणून बजावले. पुढे दुकानातील सैंधवाचा मोठा खडा आला, नंतर कृष्णेतला गोटा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओळीत वाढत्या प्रतिरोधाचा संपूर्ण विचार आहे, आणि आपण तिच्याकडे विशेष लक्ष न देता पुढच्या श्लोकाकडे जातो.

आता तपकिरीविषयी. हा भाग लिहावा की नाही असा संकोच आम्हांस होता. मित्रांनीच आग्रह धरला. गेली पंचवीस वर्षे तपकिरीची डबी त्यांच्या खिशात असे. कोणत्याही रूपातील तंबाखू हाड जुळण्यास विलंब लावते, हे शल्यविशारदांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते. चाळीस दिवसांचे पाव फेरे चुकले नाहीत, पाय कापण्याची भाषा बंद झाली, परंतु डबी सुटेना. ती दोनदा परत आली. एकदा जुन्या कंपाउंडरने दयेपोटी आणून दिली, एकदा त्यांनी स्वतः शेजारच्या पोराकरवी मागविली. सुश्रुताचार्य कृच्छ्रसाध्य भग्न कोणाचे, हे सांगताना अल्प आहार घेणारा, वातप्रकृती आणि उपद्रवयुक्त यांच्या पंक्तीत 'अनात्मवान्' हा शब्द घालतात. हाडाच्या साध्यासाध्यतेत मनोनिग्रहाचा समावेश करणारे ते वचन मित्र विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे समजावून सांगत असत. एप्रिलमध्ये त्यांनी वहीत एक नवा रकाना आखला, 'डबी'. त्यात फुली किंवा शून्य. जूनपर्यंत फुल्या विरळ होत गेल्या आणि पुढे थांबल्या. वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, पायापेक्षा याचंच मला जास्त वाटतं."

उपस्थात्याच्या पादाविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. वहिनी मध्यरात्रीच्या फेऱ्यासाठी घड्याळाचा गजर लावून उठत, कंदिलाएवढा दिवा धरून उभ्या राहत, आणि पाना मात्र पतीच्याच हातात देत. "मी फिरवू का?" असे त्यांनी एकदाही विचारले नाही. तालुक्यातील तीन वैद्यांनी दिवस वाटून घेऊन पाच महिने मित्रांचे चिकित्सालय चालविले आणि जमलेली रक्कम दररोज सायंकाळी वहिनींच्या हाती दिली. त्यांपैकी दोघांशी मित्रांचे व्यवसायावरून पूर्वी फारसे सख्य नव्हते. माल पुरविणाऱ्या औषधनिर्मात्यांपैकी बहुतेकांनी मागील बिलांचा तगादा थांबविला. काही रुग्ण त्या काळात दुसरीकडे गेले ते गेलेच. असो. 'दुसरे त्याला आधार देऊन उभे करतात' या वचनातील 'दुसरे' कोण, याचे उत्तर एका तालुक्यापुरते असे मिळाले.

जून २०१७ पासून मित्र रोज दोन तास चिकित्सालयात बसू लागले. कडी बसविलेला पाय स्टुलावर, त्यावर स्वच्छ धोतराचे आवरण. पहिल्या आठवड्यात नाडी दाखविण्यापेक्षा कडी पाहण्यासाठीच अधिक माणसे आली. नोव्हेंबरमध्ये कडी निघाली. पुढे आणखी काही महिने काठी, व्यायाम आणि पायऱ्या. उजवा पाय आज दीड सेंटिमीटर आखूड आहे. गावातील चांभाराने चपलेची टाच तेवढी उंच करून दिली आहे. घोटा पूर्ण वाकत नाही, उकिडवे बसता येत नाही. थंडीत दुखते. हे सर्व ते विचारणाऱ्यास सांगतात, आणि न विचारणाऱ्यास सांगत नाहीत.

एका औषधनिर्मात्या संस्थेचे प्रतिनिधी त्यांच्याकडे आले होते. अस्थिपोषक गुटीच्या जाहिरातीत त्यांचे छायाचित्र आणि दोन ओळींचा अनुभव हवा होता. मोबदलाही बरा होता, आणि रुग्णालयाचे कर्ज अद्याप फिटावयाचे होते. मित्रांनी नकार दिला. "अरे, नऊ महिने पायात कडी होती, हे त्या जाहिरातीत कोण छापणार?" असे ते आम्हांस म्हणाले. गुग्गुळाचा किती उपयोग झाला, कड्यांचा किती, दुधातुपाचा किती आणि तपकीर सुटल्याचा किती, हे एका पायावरून वेगळे काढता येत नाही, अशी त्यांची धारणा आहे. याच कारणास्तव त्यांनी आपल्या त्रैमासिकासाठी रुग्णवृत्तान्त लिहिण्याचेही टाळले. औषधनिर्मात्या बंधूंनी राग मानू नये. परंतु आपल्या मालावर विश्वास ठेवणाऱ्या वैद्याने दिलेला असा नकार त्या मालाची प्रतिष्ठा कमी करीत नाही, असे आमचे मत आहे.

भग्नाचा रुग्ण आज त्यांच्याकडे आला, तर ते प्रथम तंबाखूची चौकशी करतात, नंतर घरी सोबत कोण आहे ते विचारतात, आणि शल्यविशारदांचे कागद पाहिल्यावाचून औषधाची पुडी बांधत नाहीत. टेबलावर शाडूचा एक गोळा ओल्या फडक्यात गुंडाळलेला असतो. ऊसतोड मजुराची आणि त्यांची पुढे भेट झाली नाही. त्याच्या पायाचे हाड जुळले, एवढे रुग्णालयातून कळले होते.

गळीत हंगामाच्या तोंडावर, दिवाळीच्या आसपास, ते तांबड्या परावर्तक पट्टीची भेंडोळी विकत आणतात. गावाबाहेर ट्रॅक्टर जमतात त्या मैदानात खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक ट्रॉलीच्या मागे आडवी पट्टी चिकटवून घेतात. चालक घाईत असतात, काही जण टाळतात. मित्र काठी आडवी धरतात आणि धोतर किंचित वर घेऊन नडगीवरचे वण दाखवितात. पट्टी लावून होईपर्यंत ट्रॅक्टर पुढे जात नाही.